नागपूरचे ४५ अंश आणि मुंबईचे ३०: दमट हवेत कॅमेरा कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा. कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन तुम्ही ऑगस्टमध्ये आठवडाभरासाठी नागपूरहून मुंबईत आलात. चर्चगेटजवळच्या एसी हॉटेलातून निघून पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह गाठलं, कॅमेरा काढला, तर लेन्स धुरकट आणि व्ह्यूफाइंडरही पांढरा. हाच कॅमेरा मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत दिवसभर चालला होता. मग इथे ३० अंशांत असं का झालं, कॅमेरा बिघडला का, तांदळात ठेवू का, आणि उरलेल्या दिवसांत एलिफंटा, कान्हेरी आणि गणपतीची मिरवणूक कशी टिपायची?

कॅमेरा बिघडलेला नाही. तांदळात ठेवू नका. आता बाकीचं.

आधी टक्क्यांचा नाद सोडा. मोबाइलवर हवामान बघताना आपण तापमान आणि आर्द्रतेचा टक्का बघतो, पण काच धुरकट होणार की नाही हे ठरतं दवबिंदूवरून. ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते तो दवबिंदू. काच त्याहून थंड असेल तर तिच्यावर पाणी धरणार, गरम असेल तर नाही. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी ४५ अंश आणि १८ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू येतो १५ च्या आसपास. एसीतून २४ अंशांवर असलेला कॅमेरा बाहेर काढला तरी तो दवबिंदूपेक्षा ९ अंशांनी गरमच, म्हणून काही होत नाही. ऑगस्टमधल्या मुंबईत ३० अंश आणि ८० टक्के म्हणजे दवबिंदू २६. आता तोच २४ अंशांवरचा कॅमेरा दोन अंशांनी थंड ठरतो आणि सगळा खेळ त्या दोन अंशांत होतो. जानेवारीतल्या दुपारी मुंबईतसुद्धा ३१ अंश आणि ४० टक्के असेल तर दवबिंदू १६ वर येतो, तेव्हा एसीतून थेट बाहेर पडलं तरी चालतं. बऱ्याच हवामान ॲपमध्ये दवबिंदूचा आकडा खाली कुठेतरी असतो. तो शोधून ठेवा, आठवडाभर रोज उपयोगी पडेल.

यातून सगळ्यात स्वस्त उपाय निघतो: खोलीतला एसी २७ वर ठेवा आणि पंखा लावा. कॅमेरा २७ वर, दवबिंदू २६ वर, काच कोरडी. अडचण एवढीच की बरोबरची माणसं ऐकत नाहीत, आणि काही हॉटेलांत एसीचं बटण आपल्या हातात नसतं. तेव्हा झिपची पिशवी.

बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आणि लेन्स मावेल अशी जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी घ्या, साधारण १२ बाय १६ इंचांची. कॅमेरा पिशवीत घालून झिप बंद करायचं काम खोलीतच, एसी चालू असताना करायचं. एसीची हवा तुलनेने कोरडी असते, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तुम्ही तीच कोरडी हवा बाहेर नेता. बाहेर गेल्यावर पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं, कॅमेरा आत निवांत गरम होत राहतो. छोटी बॉडी आणि किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स) असेल तर ३० ते ४० मिनिटं लागतात. ७०-२०० मिमीच्या झूमसारखी जड लेन्स असेल तर तास धरा, कारण आतली काच आणि धातू सावकाश तापतात. पिशवीवरूनच लेन्सच्या धातूच्या भागाला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं तर अजून थांबा. सूर्योदयाला सहा वाजता गेटवेला पोहोचायचं असेल तर पाचच्या सुमाराला पिशवी खोलीबाहेर, गॅलरीत किंवा एसी नसलेल्या पॅसेजमध्ये गेलेली हवी, अर्थात नजरेसमोर.

परतताना मात्र उलटं करायचं. बाहेरची दमट हवा पिशवीत कोंडून एसीत आणली तर ती आत थंड होते आणि पिशवीच्या आतल्या बाजूला पाणी धरतं. म्हणून खोलीत आल्यावर पिशवी उघडायची, कॅमेरा बॅगेतून बाहेर काढायचा. गरम कॅमेरा थंड खोलीत आणला तर काच धुरकट होत नाही. रात्रभर एसीत उघडा राहिलेला कॅमेरा बंद दमट बॅगेतल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला.

टॅक्सी आणि एसी लोकल यांचाही हाच हिशोब. बोरिवलीहून एसी लोकलने चर्चगेटला तासाभरात उतरलात आणि कॅमेरा गळ्यात उघडा असेल तर स्टेशनबाहेर काच पांढरी होणारच. भुयारी मेट्रोतही तेच. बॅगेतच राहू द्या. फोमचे कप्पे असलेली बॅग आतली वस्तू लवकर थंड होऊ देत नाही, तासाभराच्या प्रवासाला एवढं पुरतं. कॅबमध्ये उतरायच्या दहा मिनिटं आधी चालकाला एसी बंद करून काच खाली करायला सांगा. पाऊस असेल तर ते जमत नाही, मग बॅग डिकीत टाका, तिथे एसीची हवा फारशी जात नाही. एप्रिल-मेमध्ये डिकीची युक्ती चुकूनही करू नका. उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान सहज ६० च्या पुढे जातं आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश दिलेली असते.

काच आधीच धुरकट झाली असेल तर पुसत बसू नका. काच अजून थंड आहे, तुम्ही पुसाल आणि दोन मिनिटांत पुन्हा धुकं येईल. मधल्या वेळात काचेवरची धूळ मात्र घासली जाईल. फुंकर तर मुळीच नको, तोंडातली हवा बाहेरच्या हवेहूनही दमट असते. कॅमेरा बंद ठेवा, लेन्सचं झाकण काढा, वाऱ्याला किंवा पंख्यासमोर धरा, १५-२० मिनिटांत बाहेरची काच आपोआप मोकळी होते. या वेळात लेन्स बदलायची नाही, बॅटरीचं किंवा कार्डाचं झाकणही उघडायचं नाही. थंड कॅमेऱ्याचं तोंड उघडलंत की दमट हवा सेन्सरपर्यंत (आतल्या फोटो टिपणाऱ्या भागापर्यंत) पोहोचते, आणि तिथे धरलेलं पाणी सुकताना धुळीचे डाग चिकटवून जातं. मग ब्लोअरने, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी फुग्याने, ते हलत नाहीत.

आता मीठ. मुंबईत पावसाबरोबरच समुद्राच्या तुषारांपासूनही कॅमेरा जपावा लागतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे घरोघरी ठाऊक आहे. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. कॅमेऱ्यावर बसलेल्या मिठाचंही तेच होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या वर फ्लॅश बसवायच्या जागेच्या) खाचेत घामाचं मीठ वाळून पडून राहील, फारसं काही करणार नाही. ऑगस्टमधल्या मुंबईत हवा बराच काळ ७५ च्या वरच असते, त्यामुळे ते मीठ खाऱ्या पाण्याच्या रूपात खाचेत, स्क्रूभोवती, पट्ट्याच्या कडीखाली बसून दिवसरात्र धातू खात राहतं. हॉट शूवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो याचाच.

म्हणून मरीन ड्राइव्ह, वरळी, बँडस्टँड किंवा एलिफंटाची बोट, यांतलं काहीही केलं असेल तर त्याच रात्री पुसणं. दुसऱ्या दिवशी नाही. सुती फडकं पिण्याच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, इतकं की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. कॅमेरा बंद, सगळी झाकणं बंद, लेन्स लावलेली. त्या फडक्याने बॉडी दोनतीनदा पुसायची, दर वेळी फडकं खळबळून. कोरड्या फडक्याने सुरुवात केली तर मिठाचे कण रंगावर आणि स्क्रीनवर चरे पाडतात. हॉट शूची खाच, ट्रायपॉडचा आटा, पट्ट्याच्या कड्या, बॅटरीच्या झाकणाची कड, लेन्स आणि बॉडी जिथे जुळतात ती गोल रेघ, एवढ्या पाच जागा नखावर फडकं गुंडाळून पुसा. मग कोरड्या फडक्याने. गळ्यातला पट्टा काढून अर्धा तास बादलीत बुडवा, तोच सगळ्यात जास्त मीठ आणि घाम धरून असतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून साध्या पाण्याखाली धुवा आणि उघडेच वाळवा.

समुद्राकाठी लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा. इतर वेळी त्याची गरज नसते, रात्रीच्या दिव्यांत तो उलट नको ते प्रतिबिंब आणतो; पण खारे तुषार फिल्टरवर पडलेले बरे. तो आधी ब्लोअरने झाडायचा, मग लेन्स टिश्यूवर पाण्याचे दोन थेंब घेऊन मधून बाहेर गोल पुसायचा, शेवटी लेन्स क्लीनर. थेंब कधीही थेट काचेवर टाकू नका, ते कडेने आत उतरतात. भरतीच्या वेळी लाट कठड्यावर आपटते तेव्हा तुषार खूप वर आणि वाऱ्याबरोबर लांबपर्यंत येतात, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून लांब लेन्सने घेतलेला फोटो बहुधा चांगलाही येतो आणि कॅमेराही वाचतो. टेट्रापॉडवर (लाटा अडवायला कठड्याबाहेर टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) उतरू नका; तिथे प्रश्न कॅमेऱ्याचा राहत नाही.

एलिफंटा आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि समुद्र खवळलेला असला की एलिफंटाची बोट निघत नाही, तेव्हा सकाळी चौकशी करून निघा. बोटीला तासभर लागतो. वरच्या मोकळ्या डेकवर कॅमेरा गळ्यात घेऊन बसण्यापेक्षा बॅगेत ठेवा. लेण्यांमध्ये आत गार, ओल्या दगडाची हवा असते. आत जाण्याआधी जी लेन्स लावली तीच ठेवा, आत बदलू नका. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे प्रकाश कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) वाढवा.

पावसाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हवामानरोधक बॉडी म्हणजे जलरोधक बॉडी नव्हे. रबरी पट्ट्या शिंतोडे अडवतात, मुंबईचा तासभराचा पाऊस नाही. आणि बॉडी रोधक असून लेन्स साधी असेल तर माउंटच्या (लेन्स आणि बॉडी जुळतात त्या कड्याच्या) फटीतून पाणी येतंच. पुढेमागे सरकणाऱ्या झूम लेन्सकडे विशेष लक्ष द्या. झूम करताना नळी बाहेर येते तेव्हा ती बाहेरची हवा आत ओढते, सायकलच्या पंपासारखी. नळीवर पाणी असताना ती आत ढकललीत की पाणीही आत जातं. म्हणून आधी नळी पुसा, मग आत घ्या. छत्री धरायला दुसरा माणूस असेल तर त्याहून चांगलं रेनकव्हर नाही. नसेल तर मोठी प्लास्टिकची पिशवी, तळाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून हुडवर (लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर) रबरबँडने पक्की केलेली. जवळ एक सुती पंचा ठेवा. मायक्रोफायबर काचेसाठी उत्तम, पण बॉडीवरचं पाणी टिपायला पंचाच हवा, आणि उन्हात कॅमेरा काळा असल्यामुळे तापतो तेव्हा तोच पांढरा पंचा वर टाकता येतो.

मिरवणुकीत पावसापेक्षा गुलालाची धास्ती बाळगा. तो इतका बारीक असतो की बटणांच्या कडेतून, झूमच्या नळीतून सहज शिरतो, आणि दमट हवेत त्याचा चिखल होतो. झूमऐवजी ३५ किंवा ५० मिमीची स्थिर (झूम न होणारी) लेन्स लावा आणि लेन्स दिवसभर काढू नका. घरी आल्यावर गुलाल ओल्या फडक्याने पुसायची घाई नको. आधी मऊ ब्रशने झाडा, ब्लोअर मारा, मग ओलं फडकं. दाबाच्या हवेचा कॅन सेन्सरवर वापरू नका.

उकाड्याचं थोडक्यात. मुंबईत पारा ४० च्या वर क्वचित जातो, तेव्हा फोटो काढताना उष्णतेची फार चिंता नको. लांब व्हिडिओ, विशेषतः ४के, घेताना कॅमेरा तापून बंद पडू शकतो. स्क्रीन बॉडीपासून दूर उघडून ठेवा, टेकमध्ये खंड पाडा, सावलीत थांबा. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. तापलेल्या सेन्सरवर रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) रंगीत ठिपके जास्त दिसतात, त्यासाठी मेनूतली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय चालू करा. आणि डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीट असतं ते हाताला लावून कॅमेरा धरू नका, डीट प्लास्टिक आणि रबर विरघळवतं. कान्हेरीच्या जंगलात मलम लागणारच, तेव्हा तळहात पुसून घ्या.

आता तांदूळ आणि फंगस, म्हणजे लेन्समधली बुरशी. तांदूळ हवेतली वाफ फारशी ओढत नाही, पण त्याची पिठूळ भुकटी माउंटमध्ये नक्की जाते. पिष्ट म्हणजे बुरशीला खाऊच. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि काचेच्या थरावर बसते. कपाटात टांगायचे ओल शोषणारे डबे असतात, ज्यांच्या तळाला पाणी साठतं, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ते सांडलं तर समुद्राच्या पाण्याइतकंच वाईट. लागतं ते सिलिका जेल, आणि तेही बुटांच्या खोक्यातल्या पुड्या नव्हेत. त्या तुमच्या हाती येईपर्यंत आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात.

हवाबंद झाकणाचा २० लिटरचा डबा, २०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र), एवढ्यात काम होतं. जेल प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानांत मिळतं. नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी. २० लिटर मुंबईच्या हवेत, ३० अंश आणि ८० टक्क्यांना, सगळी मिळून अर्धा ग्रॅम वाफ असते. २०० ग्रॅम जेल साधारण ४० ग्रॅम पाणी धरू शकतं. मग ते महिन्याभरात का संपतं? कारण आपण डबा वारंवार उघडतो, आणि त्यात भिजलेला पट्टा, फोमची दमट बॅग, चामड्याचं कव्हर टाकतो, ज्यांत हवेच्या कितीतरी पट पाणी असतं. डब्यात फक्त बॉडी आणि लेन्स. चामडं तर बाहेरच, बुरशी तिथूनच सुरू होते.

जेल हिरवट किंवा बिनरंगी झालं की स्टीलच्या ताटलीत एका थरात पसरून ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ११० ते १२० अंशांना दोन तास ठेवा. त्याहून जास्त तापवलंत तर रंग जळतो आणि पुढे काही कळत नाही. निवताना उघडं ठेवू नका, गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावा, नाहीतर निवता निवता ते पुन्हा हवेतलं पाणी पितं.

डब्यातला आर्द्रतेचा आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. ६० च्या वर बुरशीला मोकळीक मिळते. ३० च्या खाली नेण्यात फायदा नाही, रबर आणि वंगण वाळतं. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून मिठाने तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, हायग्रोमीटरसोबत छोट्या हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. ७५ दिसायला हवं. ८१ दाखवलं तर यंत्र ६ ने जास्त दाखवतं, तेवढे वजा करत जा. हे तपासताना कॅमेरा त्या डब्यात नको. दोन बॉडी आणि पाच-सहा लेन्स असतील तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घेणं सोयीचं, एक कॅमेरा आणि दोन लेन्सना डबा पुरतो.

फंगस आहे का हे बघायला लेन्स बॉडीवरून काढा, खिडक्या बंद करा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. जुन्या निकॉन एफ लेन्समध्ये मागचा छोटा खटका दाबून आतल्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पाकळ्या उघडाव्या लागतात. सुटे ठिपके म्हणजे धूळ, दुर्लक्ष करा. कडेपासून निघालेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे म्हणजे फंगस. छोट्या फाट्यांचा फोटोवर परिणाम दिसत नाही, पण ती बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. उशीर झाला तर बुरशी साफ होते, खूण राहते. दोन काचा चिकटवलेल्या जोडाच्या आत शिरली असेल तर साफ करायचा नाद सोडा. किट लेन्स उघडण्याचा खर्च बहुधा परवडत नाही. महागडी लेन्स असेल तर फोर्टच्या बोरा बाजारात कारागीर आहेत, पण खर्च आधी विचारा आणि लेप खाल्लाय का हे टॉर्चने स्वतः बघून जा. लेन्स उन्हात ठेवून फंगस मारायचा सल्ला ऐकू नका. लेन्सच ती, कापसाला आग लावते.

कॅमेरा खरोखर भिजला तर चालू करून बघायचा मोह टाळा, घात नेमका तिथेच होतो. बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरचं पाणी टिपा, सगळी झाकणं उघडी ठेवून ताज्या जेलच्या डब्यात किमान ४८ तास. केस वाळवायचा ड्रायर नको, तो पाणी आणखी आत ढकलतो. समुद्रात पडला असेल तर डब्यात वाळवत बसू नका, त्याच दिवशी दुरुस्तीला द्या, कारण मीठ सर्किटवर वाळल्यावर थांबत नाही.

नागपूरला परतल्यावर बॅग तशीच माळ्यावर टाकू नका. ऑगस्टमध्ये तिथेही हवा कोरडी नसते, आणि मुंबईहून आणलेली ओल फोममध्ये असते. बॅग पूर्ण रिकामी करून कप्पे काढून पंख्याखाली दोन दिवस उघडी ठेवा, कॅमेरा आणि लेन्स थेट डब्यात. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की जेलला बरेच महिने काम नसतं. मार्चमध्ये कूलर लागला की मात्र पुन्हा हायग्रोमीटर बघायला लागा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा पाण्याने भरलेली असते, कूलरच्या खोलीत आकडा सहज ६० च्या वर जातो. कॅमेऱ्याचा डबा कूलर नसलेल्या खोलीत ठेवा.